लष्करमुक्त वाहन : नोंदणी आणि विमा

जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार झालेल्या ‘जोंगा’ मोटारी लष्कराने लिलावात काढल्या, तेव्हा त्यांना खाजगी गिऱ्हाइके मिळाली. लष्करी गाडीला कागदपत्रे कसली, हा अशा खरेदीमागील समज मात्र घातक आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० अन्वये संरक्षण कार्यासाठी असलेल्या केंद्र शासनाच्या वाहनाची नोंद स्वतंत्रपणे होते. पाटीवरील ऊर्ध्वमुखी बाण ही तिची खूण. कलम १४६ मधील सक्तीच्या विम्यातूनही अशा वाहनास सूट आहे. मालकी बदलताच दोन्ही सवलती संपतात. लिलावाच्या आवारातून गाडी चालवीत घरी नेणारा मालक त्या प्रवासात विनानोंदणी व विनाविमा असतो. वाटेत एखादा पादचारी जखमी झाल्यास भरपाईचा सारा भार त्याच्याच शिरावर येतो. तेव्हा गाडी ट्रकवर लादून नेणेच शहाणपणाचे.

नोंदणीच्या अर्जास विमापत्र जोडावे लागते. म्हणजे विमा आधी. तो चासी व इंजिन यांच्या क्रमांकांवर उतरविता येतो. शिवाय संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचे मूळ विक्री प्रमाणपत्र हवे. जुन्या वाहनात इंजिन बदललेले असणे नवलाचे नाही. प्रमाणपत्रातील व वाहनावरील क्रमांक जुळत नसतील, तर दुरुस्ती विक्री करणाऱ्या कार्यालयाकडून वेळीच करून घ्यावी. प्रादेशिक परिवहन कार्यालयातील तपासणीत काम अडते ते येथेच.

ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्यास राखीव असल्याने तोही बदलावा लागतो. हौशी मालकांच्या हेच अधिक जिवावर येते! गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा हवा असल्यास, पाच वर्षांहून जुन्या वाहनाची किंमत मालक व विमा कंपनी यांनी आपसांत ठरवावयाची असते.