जीवकाची कुदळ आणि मुलांची पेन्सिल

राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले एक तान्हे मूल राजपुत्र अभयाच्या दृष्टीस पडले. ते जिवंत आहे असे समजताच त्याने ते वाढवले. म्हणून त्याचे नाव जीवक. हाच जीवक पुढे तथागतांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाला. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेबांनी त्याच्या धम्मदीक्षेची नोंद घेतली आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाच्या परीक्षेची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला कुदळ घेऊन एक योजन परिसर फिरण्यास व औषधी नसलेली वनस्पती आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. तशी वनस्पती त्याला आढळलीच नाही. तो उत्तीर्ण झाला.

मुलांना आयुर्वेदाची ओळख करून देताना वात-पित्त-कफापासून सुरुवात करू नये. आधी नीट पाहायला शिकवावे. त्यासाठी चित्रासारखे सोपे साधन नाही. विहारातील रविवारच्या वर्गात पाठकोरे कागद व पेन्सिली एवढे साहित्य पुरते.

पहिला पाठ : पिंपळ व गुळवेल. मुलांना आधी आठवणीने पिंपळपान काढू द्यावे. बहुतेक मुले बदाम काढून मोकळी होतात! मग खरे पान हाती द्यावे. त्याचे लांब शेपटीसारखे टोक तेव्हा दिसते. शेजारी गुळवेलीचे पान ठेवावे. तेही बदामी, पण तसे टोक नाही. शिरा देठापासून बोटांसारख्या पसरलेल्या.

दुसरा पाठ : कडुनिंब. एका दांडीवर दोन्ही बाजूंनी पाने, कडा करवतीसारख्या.

तिसरा पाठ : हळद. ओल्या हळदीने कागद रंगवावा व त्यावर साबणाच्या पाण्याने रेघ ओढावी. रेघ लाल उमटते. हा रंग उन्हात विटतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी वापरली, ती चित्रे आजही आपल्या जिल्ह्यात उभी आहेत. हळद व निंब ही दोन्ही औषधे महावग्गात भिक्खूंना अनुज्ञात आहेत.

प्रत्येक चित्राखाली नाव, कोठे आढळते व परंपरेने कशासाठी वापरतात, अशा तीन ओळी लिहाव्यात. नियम एकच : चित्र काढायचे, चाखायचे नाही. कोरोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी झाला. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली; तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपायकारक ठरू शकते, असे आयुष मंत्रालयाने म्हटले. वाद तज्ज्ञांचा, आपण मात्र मुलांना सांगावे की ओळख म्हणजे उपचार नव्हे. आजारी पडल्यास डॉक्टरांकडेच जावे.

शेवटी एक विनंती. या चित्रांना क्रमांक देऊ नयेत. वेडेवाकडे पान काढणाऱ्याचाही कागद विहाराच्या भिंतीवर लावावा. उकिरड्यावर सापडलेल्या जीवकाला एकही वनस्पती टाकाऊ वाटली नाही; आपल्या वर्गातील एकही मूल आपल्याला तसे वाटू नये.