खोक्यावरचा वेग, कागदावरची भोकं

एअर रायफलच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो. सेकंदाला हजार फूट, बाराशे फूट. आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो ज्या छर्‍यानं गाठलेला असतो तो छर्रा शिकारीला सहसा कुणी वापरत नाही. पाच ग्रेनचा हलका मिश्रधातूचा छर्रा हजार फुटांच्या वेगानं सुटला, तर त्याच्यात साधारण अकरा फूट-पाउंड ऊर्जा असते. नेहमीचा 8.44 ग्रेनचा शिशाचा छर्रा 780 फुटांनी सुटला तरी ऊर्जा तेवढीच, उलट कणभर जास्तच. त्यात हलका छर्रा वाऱ्यावर भरकटतो, त्याचा वेग लवकर मरतो आणि ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे 1,100 फुटांच्या आसपास गेला की तो डगमगायला लागतो. खोक्यावर हे कुणी छापत नाही.

मूळचे साताऱ्याकडचे आणि आता इंग्लंडात लिंकनशरमध्ये राहणारे एक अभियंते या सगळ्या फेऱ्यातून गेले आहेत. नाव नको म्हणाले, म्हणून त्यांना सातारकरच म्हणू. बंदुकीशी त्यांची ओळख जत्रेतले फुगे फोडण्यापुरती आणि चुलत्यांच्या माळ्यावरच्या एका गंजक्या एअरगनपुरती. लिंकनशर म्हणजे कोबी, बटाटा आणि तेलबियांची सपाट शेती. शेजारच्या शेतकऱ्याच्या कोबीची कोवळी रोपं ससे कुरतडत होते. 1953 साली मिक्सोमॅटोसिसची साथ इंग्लंडात आली आणि तिथले बहुतेक ससे मेले, पण उरलेल्यांनी पुन्हा बस्तान बसवलं. तिथं रानससा ही पिकावरची कीड मानली जाते आणि तिचा बंदोबस्त करणं ही जमीनमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. शेतकऱ्यानं विचारलं, सातारकर हो म्हणाले, आणि स्वस्तातली रायफल शोधायला लागले.

परवानगी मात्र त्यांनी आधी कागदावर घेतली. हे बरं केलं. इंग्लंडात दुसऱ्याच्या जमिनीवर एअर रायफल घेऊन विनापरवानगी शिरणं गुन्हा आहे, आणि आपला छर्रा हद्दीपलीकडे जाऊ देणंही गुन्हाच. मार्च महिन्यात झाडाला पानं नसताना कुंपणाकडे तोंड करून उभं राहिलं की हा नियम कशासाठी आहे ते लगेच कळतं.

बाकीचा कायदा थोडक्यात असा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 12 फूट-पाउंडांपर्यंतची, म्हणजे सव्वासोळा ज्यूलपर्यंतची एअर रायफल अठरा वर्षांवरच्या माणसाला विनापरवाना ठेवता येते. ही मर्यादा 1969 पासूनची. तिच्यावर गेलं की पोलिसांकडून बंदुकीचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबर 2016 पासून कमी ताकदीच्या एअर रायफललाही प्रमाणपत्र लागतं, आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर एका ज्यूलच्या वर गेलं की परवाना. पक्ष्यांचं प्रकरण वेगळं आहे. 1981 च्या कायद्यानं सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत. पिकांची नासाडी करणारी रानकबुतरं मारता येतात ती सरकारच्या सर्वसाधारण परवान्याच्या अटी पाळूनच. खारींमध्ये करड्या मारलेल्या चालतात, तांबड्या अजिबात नाहीत. एडिंबरोचा पाहुणा लीड्सच्या मित्राचं ऐकून बंदूक घेऊन घरी परतला तर तो सीमा ओलांडताच अडचणीत येतो, इतका हा फरक खरा आहे.

सातारकरांना अडचण आली ती या 12 च्या आकड्यानंच.

त्यांनी पहिली रायफल एका अनोळखी माणसाकडून जुनी घेतली. चांगल्या जर्मन बनावटीची, नवीच्या निम्म्याहून कमी किमतीत. विकणारा म्हणाला होता, "जरा ट्यून केलीय, जोरात मारते." महिन्याभरानं ते जवळच्या क्लबात गेले, तिथल्या जाणत्यानं नळीसमोर वेग मोजणारा क्रोनोग्राफ मांडला. 8.44 ग्रेनचा छर्रा 845 फुटांनी निघाला. हिशेब केला तर साडेतेरा फूट-पाउंडांच्या आसपास. "मला वाटलं, भारीच आहे की," सातारकर सांगतात. "समोरच्या माणसाचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, कौतुक नाही चाललंय." विनापरवाना अशी रायफल बाळगण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे, आणि मला माहीत नव्हतं ही सबब तिथं चालत नाही. रायफल त्याच दुपारी क्लबच्या ओळखीच्या नोंदणीकृत बंदूक व्यावसायिकाच्या ताब्यात गेली. आत कुणीतरी जाडजूड स्प्रिंग घातली होती. ती काढून मूळची बसवली, तेव्हा कुठं ती पुन्हा कायद्यात बसली. दुरुस्तीचा खर्च धरला तर वाचवलेले पैसे तिथंच गेले.

जुनी रायफल घेऊच नये असा याचा अर्थ नाही. उलट, स्वस्तात चांगली रायफल मिळवायचा तोच खरा रस्ता आहे. वायराउख, एअर आर्म्स, बीएसए या नावांच्या रायफली दोन-तीन दशकं सहज चालतात, त्यांचे सील, स्प्रिंग आणि दस्ते आजही मिळतात. फक्त ती नोंदणीकृत दुकानातून घ्यावी. दुकानदाराला ती समोरासमोरच हातात द्यावी लागते, त्यामुळे माणूस समोर असतो. त्याला तिथंच क्रोनोग्राफवर पाच-सहा बार मारून दाखवायला सांगावं. आकडा अकरा, साडेअकरा फूट-पाउंडांच्या आसपास हवा. बरोबर बारा असेल तर नको, कारण छर्रा बदलला की ऊर्जा बदलते आणि पोलीस त्यांच्या पसंतीचा छर्रा घालून तपासू शकतात. नुकतंच तेल दिलेल्या रायफलचे पहिले काही आकडे सोडूनच द्यावेत. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेल आत पेटतं, डिझेल इंजिनात होतं तसं, आणि वेग फुगलेला दिसतो. नळीतून धुराचा वास आला तर समजावं.

नावावर मात्र डोळे झाकून जाऊ नये. वेब्ली हे बर्मिंगहॅमचं जुनं नाव, पण तिथला कारखाना 2005 च्या शेवटी बंद पडला आणि पुढं त्या नावाच्या रायफली तुर्कस्तानात बनू लागल्या. बीएसएची 1959 ची मीटिअर ही तिथल्या कित्येक पोरांची पहिली रायफल. आज जुन्या बाजारात ती स्वस्त मिळते, पण तिच्या आतली झीज पाहिल्याशिवाय घेऊ नये. तुर्की आणि चिनी बनावटीच्या नव्या रायफली शंभर-सव्वाशे पौंडांच्या घरात येतात. त्यांतल्या काही चांगल्या निघतात, काहींचा चाप इतका जड असतो की तो ओढताना नेमच हलतो. दुकानात रिकाम्या रायफलचा चाप ओढून पाहू देत नाहीत, आणि बरोबरच आहे, कारण स्प्रिंगची रायफल रिकामी झाडली की पिस्टन धाडकन आदळतो. म्हणून छर्रा घालूनच पाहायला मागावं.

स्प्रिंग घ्यावी की भरलेल्या हवेची, हा दुसरा प्रश्न. भरलेल्या हवेच्या रायफलला धक्का जवळजवळ नसतो, नवशिक्याचा नेम तिच्यावर लवकर बसतो. पण तिला दोनशे बारच्या आसपास दाबानं हवा भरावी लागते. त्यासाठी हातपंप किंवा पाणबुड्यांच्या टाकीसारखी टाकी लागते, आणि ती किंमत खोक्यावरच्या किमतीत धरलेली नसते. स्प्रिंगच्या रायफलला दुसरं काही लागत नाही, मात्र तिला शिस्त लागते. पिस्टन पुढं सुटतो तेव्हा रायफल मागं जाते आणि तो पुढं आदळला की ती पुढं येते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ही हालचाल सुरू झालेली असते. तिला घट्ट आवळून धरलं किंवा कुंपणाच्या लाकडावर टेकवलं तर नेम दर वेळी नव्या ठिकाणी. उघड्या तळहातावर सैल ठेवावी लागते. या दुहेरी धक्क्यानं साध्या दुर्बिणीही खिळखिळ्या होतात, म्हणून एअर रायफलसाठीच बनवलेली दुर्बीण घ्यावी. शिवाय तीस यार्डांवर स्पष्ट दिसणारी हवी; बंदुकांच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांसाठी बसवलेल्या असतात.

.177 की .22, नळीच्या या दोन मापांवर क्लबात चहा संपेपर्यंत वाद चालतो. सातारकरांनी .177 घेतली. 12 फूट-पाउंडांच्या आत तिचा छर्रा 780 च्या आसपास जातो, .22 चा सोळा ग्रेनचा 570 च्या आसपास. त्यामुळे अंतराचा अंदाज पाच-सात यार्डांनी चुकला तरी .177 चा छर्रा फारसा खाली येत नाही. अंतराचा अंदाज पक्का असलेल्याला .22 चा जड छर्राही चालतो. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत; मला तरी नवशिक्यासाठी सातारकरांचंच पटतं.

खरी परीक्षा कागदावर. एकाच रायफलला सगळे छर्रे मानवत नाहीत. तीन-चार प्रकारच्या डब्या घ्याव्यात, त्यांतले वाकलेल्या कडांचे छर्रे बाजूला काढावेत आणि पंचवीस यार्डांवर, म्हणजे 23 मीटरांवर प्रत्येकाचे पाच-पाच बार एकाच बिंदूवर मारावेत. पाचही भोकं दहा पेन्सच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. ससा जागीच मरायचा तर छर्रा डोळा आणि कान यांच्या मधल्या तेवढ्याच जागेत बसावा लागतो. छातीत बसला तर जखमी ससा बिळात जाऊन तडफडतो. सातारकरांच्या रायफलनं महागड्या छर्‍यांना नाकारलं आणि मधल्या किमतीच्या एका डबीला पसंती दिली. बसून, गुडघ्यावर, उभं राहून, अशा तिन्ही पद्धतींनी नाणं झाकलं जाईल तेवढ्याच अंतराचं बंधन त्यांनी शेतात स्वतःला घालून घेतलं. उभं राहून ते पंधरा यार्ड निघालं. शेतकरी हसला, पण त्यांनी ते मोडलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकानं हे वाचून माळ्यावरची एअरगन काढू नये. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 पर्यंतची आणि 20 ज्यूलच्या आतली एअरगन आपल्याकडे विनापरवाना ठेवता येते, म्हणजे इंग्लंडपेक्षा मर्यादा सैलच. पण तिनं ससा, तितर किंवा होला मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग ते आपल्या स्वतःच्या रानात असलं तरी. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी एअरगन स्वखुशीनं सरकारजमा करायची मोहीम चालली, ती याच शिकारीमुळं. हात शिवशिवत असतील तर जवळची नेमबाजीची रेंज गाठावी. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो .177 च्या एअर रायफलनंच, दहा मीटरांवरच्या स्पर्धेत.