छज्जा, पडदा आणि स्पर्शज्या

रायपूर शहर सुमारे २१.२५ उत्तर अक्षांशावर वसले आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५.३ अंश उंच असतो. २१ जूनला मात्र तो माथ्यावरून किंचित उत्तरेस कलतो व दक्षिणेच्या भिंतीवर त्या वेळी ऊन पडतच नाही.

समजा, दक्षिणाभिमुख खिडकीवर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा असून काचेचा तळ त्याखाली १५० सेंटिमीटरवर आहे. माध्यान्ही सावली किती खाली उतरेल? छज्ज्याची लांबी गुणिले उन्नतांशाची स्पर्शज्या. डिसेंबरात ती सुमारे ६१ सेंटिमीटर भरते. २१ मार्चला, सूर्य ६८.७५ अंशांवर असता, १५४. सावली तळाशी पोचत नसेल तरच स्वयंचलित पडद्याने खाली यावे.

येथेच नवशिका चुकतो. होम असिस्टंटसारख्या प्रणालीत सूर्याचे उन्नतांश अंशांत मिळतात, पण साच्यातील त्रिकोणमितीय फलने रेडियन मागतात. अंशांना प्रथम पायने गुणून १८० ने भागलेच पाहिजे. ४५.३ हाच आकडा तसाच दिल्यास स्पर्शज्या १.०१ ऐवजी ३.८७ येते, सावली २३२ सेंटिमीटर ठरते आणि यंत्र निःशंकपणे पडदा वर ठेवते! मेजावरील पुस्तकांचे रंग विटतात, आणि दोष बिचाऱ्या मोटारीला लागतो.

सकाळी व दुपारनंतर सूर्य भिंतीच्या समोर नसतो. तेव्हा वरील उत्तरास, सूर्याची दिशा व खिडकीची दिशा यांतील कोनाच्या कोज्येने भागावे.