दुरुस्तीपूर्वी शहानिशा

माटुंगा, मुंबई

चि. बाळ यास,

समोरून धडक बसलेली प्रीमियर पद्मिनी तुझ्या हाती आली असून, तिचे उजव्या अंगाचे दिवे मंद का, हॉर्न अधूनमधून मुका का होतो आणि रात्रभरात बॅटरी का उतरते, असे तीन प्रश्न तू केले आहेस. ही तिन्ही गाऱ्हाणी एकदम धडकेच्या खात्यावर मांडू नकोस. माटुंग्यापासून दुसऱ्याच स्थानकावर असलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या अवधीत तारांचे वेष्टन तडकते, जोडांवर गंज चढतो, आणि अपघात पुष्कळदा नवा दोष निर्माण न करता जुनाच उघडकीस आणतो.

पेट्रोलचा वास येतो काय, बॅटरीला चीर गेली आहे काय, हे पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. बॅटरी सोडवताना ऋण टोकाची तार आधी काढ व जोडताना ती शेवटी लाव. कारण गाडीचा पत्रा हाच विजेचा परतीचा मार्ग असल्यामुळे, एरवी धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकताच ठिणगी उडते. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार कदापि बसवू नकोस. तसे केल्यास फ्यूजऐवजी तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, जळेल.

दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्यापूर्वी अर्थ, म्हणजे पत्र्याशी असलेला परतीचा जोड, तपास. दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे दिव्याच्या अर्थला टेकव; निर्दोष जोडात आकडा व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे सहसा जात नाही, आणि तिथे एखादा व्होल्ट दिसला तर दोष परतीच्या वाटेत आहे असे निश्चित समज. डेंटरने सरळ केलेल्या पत्र्यावर रंगाचा ताजा थर चढवून त्यावरच अर्थचा स्क्रू आवळला असेल, तर तो रंग खरवडताच दिवा उजळेल.

हॉर्नच्या तारांना टेस्ट लॅम्प जोड, कोणाला तरी बटण दाबून धरायला सांग, आणि रेडिएटरलगतचा हार्नेस थोडा थोडा हलवीत जा. ज्या जागी लॅम्प लुकलुकेल, तिथे तार चेपली असण्याचा संभव अधिक. बॅटरी उतरते त्यासाठी किल्ली व दरवाजे बंद ठेवून, सोडवलेली ऋण तार आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये तोच लॅम्प जोड. तो पेटला तर एकेक फ्यूज काढत जा, आणि ज्या फ्यूजनिशी तो विझेल त्याच शाखेचा माग घे. एकाही फ्यूजने विझला नाही, तर फ्यूजविना जाणारी चार्जिंगची तार सोडवून पाहा.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी हद्दपार झाली. त्यामुळे अंदाजाने फेकलेला चांगला भाग पुन्हा मिळवणे दुरापास्त झाले आहे. म्हणून प्रत्येक मोजमाप वहीत लिही, आणि धडकेने झालेले नुकसान व कालमानाने आलेला जीर्णपणा यांचे दोन रकाने स्वतंत्र ठेव. विम्याचा सर्व्हेअर येईल तेव्हा दुसऱ्या रकान्यातली एकही बाब पहिल्यात सरकवू नकोस, मालकाने गळ घातली तरीही. कारण ज्याच्या निदानावर रक्कम मंजूर होते आणि ज्याच्या भरवशावर माणसे रात्रीच्या रस्त्याला लागतात, त्याला खोट्या नोंदीची मुभा नाही.

तुझा,
काका