धनगरवाडा डोंगरावरच का?

प्रश्न : तोरणा, राजगड, रायरेश्वर या बाजूला आमचं नेहमी फिरणं असतं. गाव खाली भातखाचरांच्या काठाला आणि धनगरवाडा मात्र घाम गाळत चढून गेल्यावर, पार वर. एकाच गावची म्हणवणारी माणसं इतकी फटकून का राहतात? जातीमुळे की दुसरं काही?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : धनगरवाड्यापुरतं बोलायचं तर आधी म्हशी, मग जात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातले धनगर हे गवळी धनगर. मेंढरं घेऊन देशावर फिरणारे वेगळे. यांच्याकडे म्हशी आणि गाई. पावसाळ्यात खालच्या खोऱ्यात आंबेमोहोर नि इंद्रायणीची खाचरं भरलेली असतात. तिथं एक म्हैस मोकळी सुटली तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. माथ्यावर चारा आहे, झरा आहे, म्हणून जनावरं वर आणि जनावरांमागून माणसं वर. घर बघितलंत ना? कारवीचा कूड, वर शेणाचा गिलावा. एकाच छपराखाली अर्ध्या भागात गोठा, अर्ध्यात चूल. चुलीच्या धुरानं माणसाचे डोळे चुरचुरतात, पण गोठ्यातल्या माश्या पळतात. लोणी-तूप घेऊन खाली उतरायचं आणि मीठ, तांदूळ घेऊन वर चढायचं, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. खालच्या शेतकऱ्यालाही वरच्याची गरज होतीच. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर शेण लागतंच.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली गवळी धनगरांवर एक अभ्यासनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुणब्यानं खोरं धरलं, धनगरानं माथा धरला आणि एकाच रानावर दोघांची झोंबाझोंबी झाली नाही. मला हे पटतं, पण अर्धंच. धनगरवाड्याला ते लागू पडतं. आता जरा उतरून खाली गावात या. गावठाण संपलं की थोडं अंतर सोडून पूर्वीचा महारवाडा, आजची बौद्धवस्ती. तिथं ना चढ आहे, ना चाऱ्याचा प्रश्न. तोच पाऊस, तीच माती. मधलं अंतर दोन मिनिटांचं, आणि ते डोंगरानं घातलेलं नाही. सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, पाटलाच्या मागं धावायचं आणि त्याच्या बदल्यात वतनाचा तुकडा कसायचा, अशी ती बांधणी. ते वतन कायद्यानं मोडायला 1958 साल उजाडावं लागलं. गडांच्या मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्यांवर, रात्र जागून पहारा करणाऱ्यांत महार, कोळी, रामोशी होते, हे आपण गडावर अभिमानानं ऐकतो; मेटावरून उतरल्यावर ते कुठे राहायचे, एवढं मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही जातीचं विचारलंत, म्हणून बरं वाटलं.

आता खोरं आणि माथा ही जुनी वाटणीही उरलेली नाही. धरणं आली : भोरला भाटघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि नंतर गुंजवणी. पानशेत म्हटलं की पुण्याला 12 जुलै 1961 चा पूर आठवतो. ज्यांची खाचरं धरणाच्या पोटात गेली, त्यांचा पूर तेवढा गाजला नाही. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेलं, आणि काठावरची घरं सरकत सरकत वरकस जमिनीवर, नाचणी-वरईच्या उतारावर येऊन बसली. म्हणजे वरच्यांच्या अंगावर. पानशेतच्या बाजूला रस्ता झाल्यावर बरंच रान कोळशाच्या भट्ट्यांत गेलं. मग म्हशीनं चरायचं कुठं?

वरच्यांचं दुखणं आणखी एक आहे. गुरं चारणाऱ्याचं नाव सातबारावर सहसा नसतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना एक माप आहे आणि इतर पारंपरिक वननिवासींना दुसरं. दुसऱ्या गटातल्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या यादीत, म्हणून हे दुसरं माप त्यांना. पुरावा काय दाखवणार? कारवीचा कूड 75 वर्षं टिकत नाही. त्याच उतारावर खाली मात्र फार्महाऊसचे प्लॉट पडलेत आणि त्यांचा सातबारा अगदी स्वच्छ निघतो.

माथ्यावर फक्त धनगरच असतात असंही समजू नका. रायरेश्वरच्या पठारावर देवाची पूजाअर्चा करणारी जंगम कुटुंबं राहतात आणि शेतीही करतात. तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरचे भाग सुटे करून वर चढवल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. लोखंडी शिडी चढताना धापा टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती एकदा पुन्हा वाचावी.

प्रश्न : वेल्ह्यातल्या माझ्या सासरच्या गावात झाडून सगळ्यांचं एकच आडनाव. असं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वतनामुळे. कान्होजी जेध्यांचं कारी, गुंजण मावळात शिळीमकर, कानंद मावळात मरळ, हिरडस मावळात बांदल, अशी गावं-मावळं देशमुखांकडे होती. घर वाढलं की धाकटा भाऊ शेजारच्या ओहोळावर जाऊन नवी वाडी वसवायचा. जमीन भावकीतच राहायची. न्हावी, सुतार, लोहार हे बलुत्यावर. म्हणून वेगळ्या आडनावाचं घर दिसलं, की ते बहुधा बिनजमिनीचं किंवा अल्पभूधारकाचं असायचं. आजही गावाचा नकाशा समजून घ्यायला मतदारयादी पुरते.

याचा एक परिणाम तुमच्या चांगल्याच अनुभवाचा असेल. भावकीत सोयरीक होत नाही, म्हणून अशा वाडीत जन्मलेली प्रत्येक मुलगी बाहेर जाते आणि प्रत्येक सून परगावाहून येते. गावातले पुरुष एकमेकांचे चुलते-पुतणे आणि बायका मात्र दहा खोऱ्यांतल्या. त्यामुळे कुठल्या गावाचं पाणी आटतं, कुठला रस्ता पावसात तुटतो, कुठली शाळा दूर पडते, याची खबर पंचायतीपेक्षा त्यांच्याकडे जास्त असते. पुढच्या सुट्टीत गेलात, की सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या वाडीबद्दल विचारा आणि उत्तर आम्हाला कळवा. छापू.