चार सिलिंडर उघडल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बोरिंग-होनिंग आणि हेडची कामं चालतात. आमच्याकडे गाडी येत नाही, गाडीतून उतरवलेलं इंजिन येतं. रंग, सनरूफ, स्क्रीन यातलं काही आम्हाला दिसत नाही. दिसतात त्या सिलिंडरच्या भिंती, पिस्टनचे माथे, बेअरिंगच्या पाळ्या आणि तेलाचा रंग. पेट्रोलवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. माहितीपत्रकातली ताकद इंजिन काय करू शकतं ते सांगते. ते टिकणार किती, हे दाब, उष्णता, तेल आणि चाललेले तास ठरवतात. गाडी घेणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने या चार गोष्टींकडे बघावं, असं मला कळकळीने वाटतं.

१. ताकद सारखी असली तरी ताण सारखा नसतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच पट्ट्यातलं आहे. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तिथे बनलेल्या पोलोमध्ये वेगवेगळ्या काळात दोन पेट्रोल इंजिनं मिळाली. दोन्ही चार सिलिंडरची आणि दोन्हींची ताकद १०५ पीएस. पहिलं १,५९८ सीसीचं, टर्बो नसलेलं, १५३ न्यूटन मीटर टॉर्कचं. दुसरं २०१३ साली जीटी टीएसआयमध्ये आलं. ते १,१९७ सीसीचं, टर्बोचं, १७५ न्यूटन मीटरचं.

आता भागाकार करून बघा. पहिल्यात एका लिटरमागे साधारण ९६ न्यूटन मीटर पडतात, दुसऱ्यात १४६. म्हणजे तेवढ्याच जागेतून दीडपट जोर काढला जातो. प्रत्येक ज्वलनाला पिस्टनचा माथा, रिंगा, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांना तो जादा दाब सोसावा लागतो.

मात्र याला दुसरी बाजू आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. मोठ्या इंजिनाचा स्ट्रोक ८६.९ मिलिमीटर, छोट्याचा ७५.६. पूर्ण ताकद मोठं इंजिन ५,२५० आरपीएमला देतं, छोटं ५,००० ला. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर मोठ्यात सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो आणि छोट्यात साडेबाराच्या आसपास. एकाला धावपळ जास्त, दुसऱ्याला दाब आणि उष्णता जास्त. म्हणून ‘टर्बोवाली इंजिनं लवकर संपतात’ हे सरसकट बोलणं मला मान्य नाही. ती तेलाच्या बाबतीत हयगय सहन करत नाहीत, एवढं खरं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो इंजिनाच्याच तेलावर. बोरघाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन नुसतं चालू द्या, म्हणजे टर्बोतलं तेल तिथल्या तिथे जळत नाही.

२. सीसीचा आकडा कधीकधी सरकारचा कर ठरवतो.

टाटांच्या कितीतरी जुन्या इंजिनांची नावं म्हणजेच त्यांची मापं. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. ६९७ मध्ये सिलिंडर सहा. १९९८ च्या अखेरीस पिंपरीहून इंडिका आली तिचं इंजिन ४७५, म्हणजे चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर बोअर. त्याला ७९.५ चा स्ट्रोक धरला की १,४०५ सीसी भरतात. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. इंडिका झेटाला १,१९३ सीसीचं इंजिन मिळालं ते यानंतर. २०१४ च्या झेस्टमध्येही १,१९३ सीसीच होते, पण टर्बो जोडून ९० पीएस आणि १४० न्यूटन मीटर काढलेले. तेव्हा १.२ लिटरचं इंजिन बघितलं की मी आधी हे बघतो की त्याला ओढायची गाडी केवढी आहे. कराच्या मर्यादेत बसवलेल्या इंजिनाला जड गाडी दिली, तर ड्रायव्हर ते सतत पिळत राहतो.

३. चारातले दोन झोपले म्हणून घाबरू नका.

चाकणला बनणाऱ्या टायगुन, कुशाक, व्हर्टस आणि स्लाव्हिया या गाड्यांत १.५ टीएसआय मिळतं. १,४९८ सीसी, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. हलक्या पायाने चालवताना याचे मधले दोन सिलिंडर काम थांबवतात. ‘मग ते दोन जास्त झिजतील का?’ असं मला बरेच जण विचारतात. त्या वेळी पिस्टन चालूच असतात, तेलही मिळत असतं. फक्त व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि पेट्रोल व ठिणगी बंद असते. झीज वाढायला यात काही कारण नाही.

४. किलोमीटरपेक्षा तास महत्त्वाचे.

आपल्या भागासाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणला कामावर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेली गाडी जागेवर उभी असते, पण आत इंजिन फिरतच असतं. ओडोमीटरला त्याचा पत्ता नसतो.

हिशेब सोपा आहे. हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर झाले तर इंजिन सुमारे १६७ तास चाललं. ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ पडली तर तेच १०,००० किलोमीटर व्हायला ६६७ तास लागतात. तेलाने चौपट वेळ काम केलं, आणि तेही समोरून वारा न मिळता, बॉनेटखाली कोंडलेल्या उष्णतेत. वर सर्व्हिसची तारीख मात्र दोघांची एकच! गाडीसोबतचं मॅन्युअल नीट वाचलं तर खडतर वापरासाठी वेगळी, कमी अंतराची सूचना बहुतेक वेळा सापडते. धूळ, सततचं थांबणं-निघणं, रोजचा दोन-चार किलोमीटरचा प्रवास हे सगळं खडतर वापरातच मोडतं. चाकणच्या रस्त्यांवर यातलं एकही चुकत नाही. माझ्या मते इथे रोज ये-जा करणाऱ्याने तेल आणि ऑइल फिल्टर निम्म्या अंतरावर बदलावं आणि एअर फिल्टर दर सर्व्हिसला स्वतः काढून बघावा.

छोट्या प्रवासाचं नुकसान तर आणखी लपलेलं असतं. घरापासून कंपनीपर्यंत पाच मिनिटांत पोचणाऱ्या गाडीचं तेल नीट तापतच नाही. थंड भिंतींवर जमलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते. व्हॉल्व्ह कव्हरखाली पिवळट साय दिसली की मी मालकाला पहिला प्रश्न विचारतो, ‘ऑफिस किती लांब आहे?’ आठवड्यातून एकदा तळेगावपर्यंत किंवा त्याच्याही पुढे मोकळी गाडी चालवून आणा.

५. थर्मोस्टॅट काढायला कुणालाही परवानगी देऊ नका.

‘आपल्याकडे गरमीच एवढी, त्याचा काय उपयोग?’ असं म्हणून तो काढून टाकायची रीत अनेक गॅरेजांत अजून आहे. आमच्याकडे एक इंजिन आलं होतं. आधी कुणीतरी त्याचा थर्मोस्टॅट काढला होता आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी भरलं होतं. थर्मोस्टॅट नसल्याने ते थंडच चालत राहिलं, पेट्रोल जास्त जाळत राहिलं आणि रिंगा झिजल्या. पाण्यातल्या क्षारांनी हेडमधल्या वाटा बुजल्या. मग एका उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये ते एकदम तापलं. हेडवर सरळ पट्टी ठेवली तर खालून फीलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पान सहज गेलं. बऱ्याच हेडना ०.०५ च्या आसपासचाच बाक चालतो. हे दोन आकडे केसाच्या जाडीच्या अलीकडचे-पलीकडचे, पण तेवढ्यावर हेड गॅस्केट जातं. थर्मोस्टॅट आणि कूलंट यांचा खर्च हेडच्या कामापुढे काहीच नसतो. मालकाला हे आधी कुणी समजावलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

६. धूर मारतं म्हणून जाड तेल घालू नका.

आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग तेलाच्या दाबाने पुढेमागे होतं आणि त्याच्या वाटा बारीक असतात. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. जाड तेलाने धूर थोडे दिवस लपतो. थंड इंजिन सुरू करताना मात्र तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि नेमकी तेव्हाच झीज होते.

७. हेड बोल्टचे पैसे वाचवू नका.

कितीतरी इंजिनांत हे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला आणि मग ठरलेल्या कोनात आवळतात. तसं आवळताना ते मुद्दाम ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही. सुरुवात मधल्या बोल्टपासून करायची आणि बाहेर जायचं. टॉर्क रेंच न वापरता ‘हाताच्या अंदाजाने’ हेड बसवणाऱ्याकडे इंजिन देऊ नका.

८. ई-२० बद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही नकोत.

एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल सोसतील अशा बनवल्या जातात. प्रश्न जुन्यांचा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट मांडली आहे. तेवढी घट इंजिनाचा बिघाड समजू नये. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील मात्र तपासून घ्या, आणि ती महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं.

९. जुनी गाडी घेताना चार आकडे मागा.

पॉलिश आणि आवाज यांवर जाऊ नका. इंजिन गरम करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. त्यासाठी चारही प्लग काढायचे आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर थांबा. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेल्याची शक्यता जास्त, आणि मग हेड कधी उतरवलं होतं, का उतरवलं होतं, ते मालकाला विचारा. मोजणी तुमच्या समोरच होऊ द्या.