उंदरांच्या उपासाबद्दल

चि. मृण्मयीस,


तुझा प्रस्ताव वाचला. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टआधी उंदरांना ‘रात्रभर उपाशी ठेवणार’ असं लिहिलं आहेस, पण का, ते लिहिलं नाहीस. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

आपण रात्री जेवून सकाळी रिकाम्या पोटी रक्त द्यायला जातो, त्याचीच ही नक्कल. पण उंदीर निशाचर. त्याचं बहुतेक खाणं अंधारात होतं. संध्याकाळी खाणं काढलंस, की दिवसभर झोपून उठलेल्या जिवाचं मुख्य जेवणच गेलं. सकाळपर्यंत यकृतातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपतं. 25 ग्रॅमचा जीव तो, एका रात्रीत त्याचं वजन 10 टक्क्यांहूनही जास्त उतरू शकतं.

त्यात ॲनिमल हाउसमधले 22 अंश आपल्याला सुखाचे. उंदराला 30च्या आसपास ऊब हवी असते. ती तो खाण्यातूनच मिळवतो. उपाशी आणि एकटा ठेवलेला उंदीर टॉर्परमध्ये जाऊ शकतो, म्हणजे शरीराचं तापमान 31च्याही खाली येतं, हृदयाचे ठोके मंदावतात. पहाटे असा उंदीर उचलून बघ: हाताला गार लागतो, अंगावरचे केस पिंजारलेले, निसटायची धडपडही नाही. त्याच्या रक्तातली साखर मोजून तू नेमकं काय मोजणार? शिवाय लांबलेल्या उपासाने माणसात इन्सुलिनचा परिणाम घटतो, उंदरात उलट वाढतो. म्हणजे त्याचे हाल करून आकडाही दिशाभूल करणाराच.

सकाळी दिवे लागल्यावर खाणं काढ आणि 5-6 तासांनी चाचणी घे. पाणी मात्र कधीच काढायचं नाही. भुसा बदल, त्यात खाण्याचा चुरा उरतो. घरट्याचा कागद तोच नव्या पिंजऱ्यात ठेव. सोबत राहणारे सोबतच राहू देत. आधी आणि नंतर वजन कर. शस्त्रक्रियेआधी तर उपासाची गरजच नाही, उंदराला उलटी होतच नाही.

‘सगळे असंच करतात’ असं प्रयोगशाळेत कुणी म्हणालं, तर गप्प बसू नकोस. प्राण्यांचा त्रास कमी करा, हे रसेल आणि बर्च यांनी 1959 सालीच लिहून ठेवलंय. नम्रपणे विचार, की इतके तास कशासाठी?

ओळ बदलून प्रस्ताव मला पाठव. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी एकदा नजर टाकते.

तुझी,
मावशी